अर्ध्या तिकिटाचा प्रवास आणि बेवारस रात्र

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.च्या गाड्यांतून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येऊ लागला. त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांचे तिकीट पूर्णपणे माफ झाले होते. दोन्ही निर्णय स्वागतार्ह होते. त्यांच्यामागे निवडणुकीचे गणित होते म्हणून समाजवाद्यांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. सार्वजनिक वाहतूक सार्वजनिक पैशाने स्वस्त व्हावी ही मागणी मुळात या चळवळीचीच आहे. परंतु धारणीहून निघालेली बाई अर्ध्या तिकिटात अमरावतीला उतरली, की सरकारचे तिच्याविषयीचे कर्तव्य बसस्थानकाच्या फाटकापाशी संपते. तिचे काम एका दिवसात आटोपणारे नसते. सून डफरीनमध्ये बाळंतपणासाठी दाखल असते, नवरा इर्विनमध्ये भरती असतो, किंवा मुलाच्या जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी समितीपुढे हजर व्हायचे असते. मेळघाटातला तो घाटरस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. संध्याकाळी परत जाऊन सकाळी पुन्हा येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. रात्र होते. ती रात्र कोठे काढायची, याचे उत्तर कोणत्याही शासननिर्णयात सापडत नाही.

प्रवास आणि मुक्काम ही एकाच गरजेची दोन अंगे आहेत, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. अमरावती हे महसुली विभागाचे ठाणे. विद्यापीठ तेथे, विभागीय आयुक्त तेथे, संदर्भ सेवा रुग्णालय तेथे. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे, आणि वाशीम-बुलढाण्याकडचे अडलेले रुग्ण तेथे पाठविले जातात. तेथेच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. शासनाने सोयी एकवटल्या, म्हणजेच पाच जिल्ह्यांतील माणसाला या दोन शहरांकडे येण्यास भाग पाडले. हे एकवटणे प्रशासनाच्या सोयीचे असेल. त्याचा खर्च मात्र येणाऱ्याने सोसावा असा संकेत आहे. अर्थशास्त्रात याला खर्च दुसऱ्याच्या माथी मारणे म्हणतात. येथे तो ज्याच्या माथी मारला जातो त्याच्या खिशात एका दिवसाच्या मजुरीपलीकडे फारसे काही नसते.

परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. रुग्णालयांच्या व्हरांड्यात चादर अंथरून पडलेले नातेवाईक, पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीच्या आदल्या रात्री फलाटावर पिशवी उशाशी घेऊन झोपलेली पोरे, बाजार समितीत कापसाच्या गाडीखालीच रात्र काढणारा शेतकरी. पहाटे उठून ज्या मुलाने सोळाशे मीटर धावायचे आहे, त्याने डास मारीत रात्र जागून काढायची आणि मग गुणवत्तेच्या यादीत आपले नाव शोधायचे. या गुणवत्तेत शहरात मामा असलेल्या उमेदवाराचे गुण किती, हे कोणी मोजत नाही. खुद्द एस.टी.चे चालक-वाहक वस्तीची गाडी घेऊन गेले, की अनेक गावी त्यांचा बिछाना गाडीतच पडतो, हेही येथे नमूद करावयास हवे. प्रवाशाची रात्र ज्या व्यवस्थेने बेवारस सोडली, तिने कामगाराची रात्र तरी का सांभाळावी?

ज्याच्याजवळ चारशे-सहाशे रुपये आहेत तो लॉजमध्ये जातो. बसस्थानकाजवळच्या साध्या लॉजची खोली म्हणजे काय असते? लोखंडी खाट, दबलेली गादी, नुसती झटकून पुन्हा अंथरलेली चादर, छताचा पंखा, आणि व्हरांड्याच्या टोकाला सामाईक न्हाणी. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तेव्हा कूलर ही चैन राहत नाही, परंतु कूलरचे पैसे वेगळे. पाण्याचीही तीच कथा. अकोला शहर काटेपूर्णेच्या धरणावर जगते आणि भोवतालचा बराचसा भाग खारपाणपट्ट्याचा. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे लॉजमालक टँकर मागवितो आणि टँकरचे पैसे खोलीच्या भाड्यात घालतो. त्याला निव्वळ नफेखोर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण नगरपालिकेने जे पुरवायचे ते न पुरविल्याचा दंड तो गिऱ्हाइकाकडून वसूल करीत असतो, हेही खरे आहे. आणि मालकाला जे गिऱ्हाइकाकडून काढता येत नाही ते तो चादरी धुणाऱ्या, पहाटे चारला दार उघडणाऱ्या पोऱ्याच्या पगारातून काढतो. स्वस्त खोलीची स्वस्ताई कोणाच्या पाठीवर उभी आहे, हा प्रश्न कामगार चळवळीने क्वचितच विचारला आहे, कारण वीस खोल्यांच्या लॉजमध्ये तीन नोकर असतात आणि तिघांची युनियन होत नाही.

या परिस्थितीत शासनाने काय करावे? निदान त्या खोलीवर कर तरी लावू नये. पण जून २०२२ च्या अखेरीस चंडीगढ येथे वस्तू व सेवा कर परिषदेची ४७ वी बैठक भरली, आणि दररोज एक हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांना तोवर असलेली करमाफी रद्द करण्यात आली. १८ जुलैपासून त्यांच्यावर १२ टक्के कर बसला. सहाशेच्या खोलीवर बहात्तर रुपये. ते बहात्तर रुपये म्हणजे दोन माणसांचे सकाळचे पोहे-चहा. पंडितांचे समर्थन असे की करमाफीमुळे साखळी तुटते आणि चुकवेगिरी वाढते. साखळीची एवढीच काळजी होती, तर हजारावरच्या आणि सात हजारांवरच्या खोलीला एकाच पायरीवर बसविण्याचे कारण काय होते? २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ५ टक्क्यांवर आला खरा. वर्तमानपत्रांनी त्याला दिवाळीची भेट म्हटले. परंतु ही पायरी साडेसात हजारांपर्यंत पसरलेली आहे. सहाशेची खोली आणि सात हजारांची खोली यांवर एकच दर! शिवाय या ५ टक्क्यांसोबत लॉजमालकाचा आदान-कराच्या वजावटीचा हक्क गेला. चादरी, साबण, कूलर, रंगरंगोटी यांवर भरलेला कर आता तो खोलीच्या भाड्यातच मुरवितो. बिलावर दिसणारा कर घटला. न दिसणारा भाड्यात शिरला.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो अप्रामाणिक नाही. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे लहान लॉज सुटतात. हिशेब करून पाहावा. दहा खोल्यांचा लॉज, खोली सहाशेची, आणि वर्षातून एकही रात्र एकही खोली रिकामी नाही, असे धरले तर उलाढाल होते २१ लाख ९० हजार. तेव्हा दहा खोल्यांचा लॉज बहुधा सुटतो, हे मान्य. पण वीस खोल्यांचा लॉज निम्म्या खोल्या भरल्या तरी अडकतो, आणि मोठ्या रुग्णालयासमोर गरज असते ती वीस-तीस खोल्यांच्याच लॉजची. दहा खोल्यांवरच थांबण्याचे बक्षीस देणारी ही करव्यवस्था स्वस्त निवासाचा विस्तार कसा होऊ देईल?

आणखी एक विसंगती आहे. धर्मस्थळाच्या आवारातील, नोंदणीकृत न्यासाच्या, हजाराच्या आतील खोलीला करमाफी कायम राहिली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिराशी निगडित सरायांवरून गदारोळ झाला, तेव्हा केंद्राने घाईघाईने खुलासा करून ती माफी पुन्हा अधोरेखित केली. ते योग्यच झाले. पण मग देवळाच्या आवारातील खाट करमुक्त आणि रुग्णालयासमोरची खाट करपात्र, हा न्याय कोणत्या तत्त्वावर उभा आहे? पुण्य मिळविण्यास आलेल्याला सवलत आणि प्राण वाचविण्यास आलेल्याला वसुली! सरायांच्या बाजूने बोलणारे खासदार होते, व्हरांड्यात झोपणाऱ्याच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता. तत्त्व असेल तर ते एवढेच.

स्वस्त निवासाचा विषय निघाला की डाव्या वर्तुळात क्यूबाचा दाखला हमखास येतो. कोणीतरी हवानाला किंवा सान्तियागोला जाऊन आलेला असतो. सामान्य कुटुंबाच्या घरातली एक खोली, स्वच्छ चादर, पंखा, सकाळी फळे आणि कॉफी, अंगणात गप्पा मारणारी आजी, असे वर्णन होते. त्यावर उजव्या बाजूचा श्रोता हसून म्हणतो की बघा, समाजवादाला अखेर भाडेकरू ठेवूनच जगावे लागले. दोघेही इतिहासाला बगल देतात.

क्यूबातील ही ‘कासा पार्तिक्युलार’, म्हणजे खाजगी घरातील पाहुण्यांची खोली, कायदेशीर झाली १९९७ मध्ये. ती भाड्याने देणारे कुटुंब त्या घराचे मालक का होते? कारण १९६० च्या नागरी सुधारणा कायद्याने भाडेकरूला, भाड्याचेच हप्ते भरून, घराचा मालक केले. भाड्याने देण्याची पाळी का आली? कारण सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला, बेटाचा व्यापार आटला आणि अमेरिकेची नाकेबंदी होती तशीच राहिली. घर क्रांतीने दिले आणि पाहुणा टंचाईने आणला. शासनाने त्या व्यवहाराला बाजारात मोकाट सोडले नाही. परवाना, दारावर ठरावीक खूण, पाहुण्याची नोंदवही, आणि खोली भरो वा रिकामी राहो, दरमहा ठरलेला कर. बराच काळ एका घरात दोनच खोल्यांची मर्यादा होती. परदेशी पाहुण्यांसाठी निळी खूण, देशी पाहुण्यांसाठी तांबडी. एका गरीब, वेढलेल्या देशाने काँक्रीटचे मजले न चढविता, असलेल्या घरांतूनच हजारो खोल्या उभ्या केल्या, हा भाग खरोखर शिकण्याजोगा आहे.

परंतु उरलेले अर्धे सत्य क्यूबाप्रेमी मित्र सांगत नाहीत. मार्च २००८ च्या अखेरपर्यंत पर्यटकांच्या हॉटेलात राहण्यास खुद्द क्यूबन नागरिकालाच मज्जाव होता. ज्या देशात श्रमिकांसाठी १९८१ मध्ये स्वस्त सहलनिवासांची ‘काम्पिस्मो पोपुलार’ ही सार्वजनिक व्यवस्था उभी राहिली, त्याच देशात आपल्या शहरातील हॉटेलच्या दाराशी नागरिकाला अडविले जात होते. बंदी उठल्यावरही तेथील दर त्याच्या पगाराच्या आवाक्यात नव्हतेच. २०१५ मध्ये अमेरिकन कंपनीने कासांची नोंदणी सुरू केली, तेव्हापासून दूरच्या दलालाचा वाटाही आला. पुढे अमेरिकेने निर्बंध आवळले, कोविडने पर्यटन बसले, ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभराची वीज एकदम गेली. हे सारे त्या आजीच्या अंगणावर कोसळले आहे. तिच्याविषयी सहानुभूती बाळगणे आणि तिच्या सरकारची चूक झाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समाजवादी पत्राने पहिली करावी, दुसरी करू नये.

आणि ती चूक परकी वाटण्याचेही कारण नाही. नागरिकाच्या पैशाने बांधलेल्या वास्तूत नागरिकालाच प्रवेश नाही, हा अनुभव घेण्यासाठी हवानाला जावे लागत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सार्वजनिक बांधकाम खात्याचे विश्रामगृह आहे. झाडांची सावली, मोठे आवार, खानसामा, नाममात्र भाडे. नियमात खाजगी व्यक्तीसाठीही दर लिहिलेला असतो. तो वाचायला मिळतो, खोली मिळत नाही. मंत्री येणार असतात, सचिव येणार असतात, कोणी ना कोणी नेहमीच येणार असते. म्हणजे शासनाला स्वस्त आणि नीटनेटके निवास चालविता येत नाही, हा युक्तिवाद शासनानेच खोटा पाडलेला आहे. ते दीडशे वर्षे चालविले जात आहे. केवळ कोणासाठी, एवढाच प्रश्न आहे.

‘हे काम धर्मादाय संस्थांचे आहे’ असे म्हणणारा एक वर्ग आहे, आणि वऱ्हाडात त्याला मोठ्या नावाचा आधार मिळतो. शेंडगावच्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात गोरगरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा उभा केला. देऊळ बांधण्याऐवजी निवारा बांधावा, हे त्यांनी करून दाखविले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, अमरावतीच्या वाटेवर, प्रवासातच त्यांचा अंत झाला. अकोल्याहून तासाभराच्या अंतरावर शेगावला गजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासे आहेत. स्वस्त म्हणजे घाण, हे समीकरण ज्याला अटळ वाटते त्याने तेथील जिने पाहावेत. २०२१ मध्ये निवर्तलेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी तेथे जी शिस्त लावली तिचे कौतुक नास्तिकानेही करावे.

पण या दोन्ही उदाहरणांचा अर्थ उलटा घेतला जातो. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या शासनाला मोकळे करण्यासाठी नव्हेत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, या एका कृतीत त्यांचा हेतू स्पष्ट आहे. मुक्कामाची जागा आणि जात यांचे नाते त्यांना पुरते कळलेले होते. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी वसतिगृहातून बाहेर पडावे लागले, ही घटना प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे. आज दारावर काठ्या घेऊन कोणी उभे राहत नाही. आज मेजामागचा माणूस ओळखपत्र मागतो, आडनाव वाचतो आणि ‘खोली शिल्लक नाही’ म्हणतो. मुसलमान तरुणाला हे उत्तर लवकर मिळते. एकट्या बाईला तर अनेक ठिकाणी ओळखपत्र दाखविण्याआधीच मिळते. सोबत कोण आहे, असा उलट प्रश्न विचारून. अर्ध्या तिकिटाने तिला शहरापर्यंत आणले, आणि शहराने तिला पुरुष आणायला सांगितले. दानावर चालणाऱ्या संस्थेत प्रवेश हा दात्याच्या मर्जीचा भाग असतो. मर्जी चांगली असेल तर उत्तमच. पण मर्जीविरुद्ध दाद मागता येत नाही, आणि सार्वजनिक निवास हवा तो नेमका यासाठी.

‘बेघरांसाठी निवारे आहेत ना?’ असाही प्रश्न होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर दर लाख नागरी लोकसंख्येमागे एक निवारा हे प्रमाण ठरले आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने ते स्वीकारले. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख आणि अकोल्याची सव्वाचार लाख होती. त्या हिशेबाने एका शहरात किमान सहा आणि दुसऱ्यात चार निवारे हवेत. महापालिकांनी हा हिशेब लोकांपुढे मांडावा, ही मागणी रास्तच आहे. पण प्रवासी हा बेघर नसतो. त्याचे घर असते, ते फक्त दीडशे किलोमीटरवर असते. त्याला बेघरांच्या रांगेत उभे करणे हा दोघांवरही अन्याय आहे, कारण खाटा तेवढ्याच राहतात.

मार्ग दोन आहेत, आणि ते एकमेकांना पूरक आहेत. पहिला, क्यूबाकडून घेण्याजोगा. पर्यटनासाठी महाराष्ट्रात निवास-न्याहारी योजना आहे. चिखलदऱ्याच्या हौशी पाहुण्यासाठी जी सोय चालते ती रुग्णालयाच्या आसपासच्या वस्तीत का चालू नये? एखाद्या विधवेच्या किंवा निवृत्त कामगाराच्या घरात एक-दोन खोल्या, महापालिकेचा परवाना, दरपत्रक दारावर, घरपट्टी व विजेचा दर घरगुतीच, आणि जातधर्म पाहून नकार दिल्यास परवाना रद्द. स्त्रियांना प्राधान्य देणाऱ्या खोल्यांची वेगळी खूण असावी. यास निधी लागत नाही, इच्छा लागते.

दुसरा मार्ग मोठा आहे, आणि तेथे वेळ थोडा उरला आहे. एस.टी. महामंडळाच्या मोकळ्या जागा व्यापारी विकासासाठी भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण आहे. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हा पट्टा साठ वर्षांवरून दोन टप्प्यांत मिळून ९८ वर्षांपर्यंत वाढविला. बसस्थानकाची जागा ही गावातील सर्वांत मोक्याची जागा. ती जनतेच्या प्रवासासाठी राखलेली होती म्हणूनच आजवर शाबूत राहिली. तिच्यावर दुकानांचे गाळे, उपाहारगृहे, कार्यालये उभी राहतील. विकासकाला नफा होईल, महामंडळाला भाडे मिळेल. त्या इमारतीचा एक मजला प्रवाशांसाठी का नसावा? शंभर खाटा, त्यांपैकी निम्म्या स्त्रियांसाठी, प्रत्येकाला कुलूपबंद कपाट, चोवीस तास पाणी, चालक-वाहकांसाठी स्वतंत्र कक्ष, आणि भाडे देखभालीच्या खर्चापुरतेच. तेथे काम करणाऱ्यांना किमान वेतनापेक्षा कमी नाही, आणि व्यवस्था शक्य असेल तेथे बचतगटाच्या किंवा कामगारांच्या सहकारी संस्थेकडे. भाडेपट्ट्याच्या करारात ही अट घातली तर महामंडळाच्या उत्पन्नात जी घट येईल ती सवलतीच्या तिकिटांच्या भरपाईपुढे किरकोळ ठरेल.

करार झाल्यानंतर हे काहीही करता येणार नाही. निविदेच्या मसुद्यात नसलेली अट नंतरच्या मोर्चाने घुसविता येत नाही, आणि ९८ वर्षे म्हणजे आज विशीत असलेल्या कार्यकर्त्याच्या पणतूपर्यंतचा काळ. म्हणून अमरावती आणि अकोला या दोन्ही विभागांत कोणत्या जागांचे प्रस्ताव आहेत, ते कोणत्या टप्प्यावर आहेत आणि निविदेचा मसुदा कोणाकडे आहे, याची लेखी विचारणा जिल्हा समित्यांनी विभाग नियंत्रकांकडे करावी. उत्तर न आल्यास माहिती अधिकारात अर्ज द्यावा. तालुक्याच्या शाखांनी दरम्यान एवढे करावे की एका रात्री दोन्ही बसस्थानकांत आणि दोन्ही रुग्णालयांच्या आवारात जाऊन उघड्यावर झोपलेल्या माणसांची मोजणी करावी: किती स्त्रिया, किती पुरुष, कोणत्या तालुक्यातून आले, कशासाठी आले, आणि कितव्या रात्रीपासून येथे आहेत.